नानांची नागीण सुकत आलीय पण बोलणं असंबद्ध झालंय, गोळ्यांमुळे की नागिणीमुळेच?

मधलीसुट्टी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझे सासरे, नाना, वय ७६, शुगर बऱ्याच वर्षांची, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) गेल्या वर्षी १.८ होतं, म्हणजे वाढलेलं. त्यांना कपाळावर उजव्या बाजूला नागीण उठली. आधी नुसतंच डोकं ठणकत होतं, केसातून कंगवा फिरवला तरी ओरडायचे, आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग भुवईच्या वर लाल पुरळ, त्यावर पाण्याचे फोड, आणि एक फोड थेट नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या ही नागीण आहे, डॉक्टरकडे नेऊन चिघळवू नका, पलीकडच्या वाडीत एकजण काव लावून उतरवतात. सासूबाईंचा जीव राहिना म्हणून तिकडेही जाऊन आले, त्यात दोन-तीन दिवस गेलेच. मग स्किनच्या डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूविरोधी गोळी) १ ग्रॅम दिवसातून तीनदा आणि दुखण्यासाठी रात्री प्रिगॅबालिन सुरू केलं.

फोडांवर आता खपल्या धरायला लागल्यात, पण काल संध्याकाळपासून नाना भलतंच बोलतायत. मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, मग म्हणे कारखान्याचा भोंगा झाला डबा कुठाय (रिटायर होऊन किती वर्षं झाली), भिंतीवरून मुंग्या उतरतायत म्हणून पांघरूण झटकत बसले. मधेच हात दचकल्यासारखा उडतो. आणि मधेच अगदी नीट बोलतात, पेपर वाचतात. हाताला तरी ताप लागत नाहीये. जेवण कमी झालंय, लघवीही कमी होतेय असं सासूबाई म्हणतात. आमचे हे म्हणतात वय झालंय, दुखण्याने झोप नाही म्हणून बडबडतायत, दोन दिवस बघू. मला काही हे बरं वाटत नाहीये. कुणाच्या घरी असं झालंय का? आणि घरात धाकट्या जावेला पाचवा महिना आहे, तिला लांब ठेवायचं का?

गावठी_फिजिशियन:
ताई, दोन दिवस वगैरे बघू नका. आत्ता न्या. उद्याच्या ओपीडीला नाही, आत्ता, आणि जिथे सीटी/एमआरआय आणि रात्री रक्त तपासायची सोय आहे अशा ठिकाणी न्या. निघायच्या आधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा, पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा हे त्यांना विचारा, आपल्या मनाने काही करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने किडनीचे रिपोर्ट पिशवीत घाला आणि तिथे गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे सांगा की "क्रिएटिनिन वाढलेलं आहे आणि व्हॅलासायक्लोव्हिर चालू आहे."

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, पेशंट न बघता निदान करत नाही, इथेही करणार नाही. पण घाई का करतोय ते सांगतो, म्हणजे साहेबांना पटवायला बरं पडेल. नागीण झालेला म्हातारा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलायला लागला तर डोक्यात चार-पाच गोष्टी येतात आणि त्यातली एकही "वय झालं" ही नसते. वयामुळे होणारा विसरभोळेपणा असा एका संध्याकाळीत येत नाही. पहिली शंका औषधाची. व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेलं की त्याचं असायक्लोव्हिर होतं आणि ते मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. १ ग्रॅम तीनदा हा डोस किडनी ठणठणीत असलेल्या माणसाचा, किडनी मंद असली की तो कमी करावा लागतो, नाहीतर औषध आणि त्यापासून तयार होणारे पदार्थ साठत जातात आणि मग भास होणं, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय दचकल्यासारखे उडणं असं सुरू होतं, साधारण गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच. प्रिगॅबालिनही किडनीवाटेच जातं, तेही साठतं, म्हणजे दुहेरी. त्यात माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, की किडनी अजून खाली येते.

दुसरी शंका, विषाणू मेंदूपर्यंत पोचलाय का. त्यात बहुधा ताप, डोकेदुखी, कधी फिट असते, पण म्हाताऱ्या माणसात ताप नसला म्हणजे ते नाहीच असं म्हणता येत नाही. ते ठरवायला पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं, त्याचं नाव काढलं की नातेवाईक घाबरतात पण घाबरू नका, मणक्यात सुई घातली की पांगळा होतो वगैरे सगळ्या गप्पा आहेत. तिसरं म्हणजे सोडियम खाली जाणं, नागिणीत म्हाताऱ्यांमध्ये होतं आणि साध्या रक्ततपासणीत कळतं. चौथं शुगर वर किंवा खाली. आणि पाचवं पॅरालिसिसचा झटका, ते खाली सविस्तर लिहीन, आत्ता आधी निघा.

आणि हो, नाकाच्या शेंड्यावर फोड असं लिहिलंयत. डोळ्याला जाणाऱ्या नसेचीच एक फांदी नाकाच्या शेंड्यावर येते, तिथे फोड म्हणजे डोळा आतून धरला असण्याची शक्यता बरीच, डोळा लाल नसला तरी. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल तर तेही तिथेच करून घ्या.

कडूकारलं:
ताई आधी जाऊन या, हे नंतर वाचा.

माझ्या आईला पाठीपासून छातीखाली नागिणीचा पट्टा आला होता. पुरळ यायच्या आधी डाव्या छातीत अशी काही कळ की आम्ही रात्री कार्डिॲकला नेलं, ईसीजी, ट्रोपोनिन, टूडी इको सगळं झालं, सगळं नॉर्मल, घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी पुरळ. तेव्हा कळलं दुखणं कशाचं होतं. मोठा धोका काही झाला नाही पण पुरळ गेलं आणि दुखणं राहिलं. वर्ष होऊन गेलं तरी आहे. ते दुखणं कसं असतं ते घरातल्यांनाही पहिल्यांदा पटत नाही कारण वर काही दिसतच नाही, कातडी साफ. आई पंख्याखाली बसत नाही, वारा लागला की चटका बसतो म्हणते. ब्लाऊजची कड टेकत नाही, म्हणून वडिलांची जुनी मऊ झालेली धोतरं फाडून त्याचे झबल्यासारखे सैल सदरे शिवलेत, तेच घालते, बाहेर जायचं झालं की नाही म्हणते. देवळात जाणं बंद, भिशी बंद. बाजारात कुणाचा धक्का लागेल याची धास्ती. दाबून धरलं तर एवढं दुखत नाही, नुसता हलका स्पर्श झाला की कळवळते, हे उलटंच वाटायचं आम्हाला.

औषधांचं सांगते. अमिट्रिप्टिलिन चालू केलं तर तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, रात्री बाथरूमला उठली आणि झोक जाऊन पडली, मनगट मोडलं. मग नॉरट्रिप्टिलिन अगदी कमी डोसवर आणि गॅबापेंटिन हळूहळू चढवत नेलं. सगळ्यात उपयोग झाला तो लिडोकेनच्या (जागा बधिर करणाऱ्या) पट्ट्यांचा, दुखऱ्या जागेवर चिकटवायच्या, बारा तास ठेवायच्या, बारा तास काढायच्या. महाग आहेत पण गुंगी नाही. पूर्ण थांबलं नाही, पण झोपते आता.

वाडीवरचा_पाहुणा:
सगळे डॉक्टरच्याच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. आमच्या आजोबांना नागीण झालेली, मंत्र घालून काव लावली, आठवडाभरात सुकली, एक रुपया खर्च नाही. गोळ्या खाऊन भास होण्यापेक्षा ते परवडलं की. आणि नागिणीच्या पट्ट्याची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो हे जुने लोक उगाच म्हणत नव्हते.

गावठी_फिजिशियन:
पाहुणे, आजोबांची नागीण काव न लावताही सुकलीच असती. फोड आठवडा-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत पुरळ जातं, काहीही लावा नाहीतर काहीच लावू नका. त्यामुळे जो कोणी उतरवतो त्याला यश येतंच. भांडण कावेशी नाहीच, भांडण वेळेशी आहे. विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा फायदा पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर, आणि नेमके तेच तीन दिवस वाडीला जाण्यायेण्यात जातात. (उशीर झाला तरी नवे फोड येत असतील, डोळा-कान धरला असेल किंवा वय जास्त असेल तर आम्ही देतोच, ताईंच्या डॉक्टरांनी दिल्या त्या बरोबरच, प्रश्न डोसचा आहे.)

तोंडं जुळण्याचं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू जात नाही, मणक्याजवळच्या आणि डोक्याच्या नसांच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो. १९६५ साली होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने), सायरनसेस्टर नावाच्या छोट्या गावातले आपलेच पेशंट वर्षानुवर्षं नोंदवून हे मांडलं होतं आणि वय वाढेल तसं नागिणीचं प्रमाण वाढतं हेही दाखवलं होतं. प्रतिकारशक्ती उतरली की त्यातल्या एका गाठीतून विषाणू नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूची असते म्हणून पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून छातीच्या मध्यावर थांबतो, त्याला पलीकडे जायला वाटच नसते. तोंडं जुळायची भीती त्यामुळे फुकट. पण जर खरंच अंगभर, दोन्ही बाजूंना, लांब लांब फोड यायला लागले तर मात्र तो माणूस गंभीर समजायचा, कारण त्याची प्रतिकारशक्ती कोलमडलेली असते (केमो, जास्त स्टिरॉइड, अवयव बदललेले, एचआयव्ही) आणि विषाणू रक्तातून फुप्फुस-लिव्हरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे जुने लोक घाबरत होते ते अगदीच हवेत नसेल, पण उपाय वाडीत नाही.

आता झटक्याचं, वर सांगायचं राहिलं ते. हा विषाणू नसेवाटे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही जातो, तिथे सूज येते, वाहिनी आतून अरुंद होते, गुठळी होते. नागिणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत स्ट्रोकचा धोका वाढलेला असतो आणि डोळा-कपाळाची नागीण असेल तर अजून जास्त, कारण तीच नस मेंदूच्या वाहिन्यांनाही जाते. म्हणून मी अशा पेशंटला पुरळ गेल्यावरही सोडत नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल घट्ट धरा, आणि हात उचलत नाही, तोंड वाकडं, शब्द सापडत नाही असं काही दिसलं तर तासांचा हिशोब असतो, पुरळ गेलंय म्हणून निवांत राहू नका. हृदयविकाराचा धोकाही त्या काळात थोडा वाढतो.

पाणकोंबडी:
तोंड वाकडं वरून आठवलं. आमच्या काकांचा कान दुखत होता, कानात तेल सोडलं घरच्यांनी, मग एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी एका बाजूने गळायला लागलं, डोळा मिटेना, आणि चक्कर अशी की भिंत धरून उभे. घरात एकच रडारड, वारं गेलं वारं गेलं. सीटी नॉर्मल. ईएनटीवाल्याने कान ओढून बॅटरी मारली तर कानाच्या आत फोड! म्हणे ही कानाची नागीण, रामसे हंट. पॉपवाला जस्टिन बीबर २०२२ मध्ये अर्धं तोंड हलत नाही म्हणून व्हिडिओ टाकत होता ना, तेच हे, भाचीने लगेच ओळखलं. काकांना विषाणूच्या गोळ्या आणि स्टिरॉइड दोन्ही दिलं, शुगर तीनशेच्या वर गेली म्हणून इन्सुलिन सुरू करावं लागलं. तोंड बरंचसं आलं पण पूर्ण नाही, साध्या बेल्स पाल्सीपेक्षा (एरवी एका बाजूचं तोंड वाकडं होतं त्यापेक्षा) यात कमी बरं होतं म्हणे, आणि त्या कानाने ऐकू कमी येतं. डोळा मिटत नसेल तर रात्री ड्रॉप घालून पापणी टेपने बंद करायची हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, तोवर बुबुळाला ओरखडा पडला. एका बाजूचं तोंड वाकडं झालं की कानात डोकावून बघा एवढंच.

मधलीसुट्टी:
सगळ्यांचे आभार, विशेषतः डॉक्टरसाहेब तुमचे. त्याच रात्री नेलं. तुमचा मेसेज ह्यांना वाचून दाखवला तेव्हा कुठे चप्पल घातली.

क्रिएटिनिन ३.४ आलं, सोडियम १२६. एमआरआयमध्ये झटका नाही. लघवी तुंबलेली होती, कॅथेटर टाकला तर पिशवी भरली, ती अमिट्रिप्टिलिनमुळे असेल म्हणाले, कुठून आलं तर सासूबाईंनी मेडिकलवाल्याकडून झोप यावी म्हणून जुन्या चिठ्ठीवर आणलेलं. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी थोड्या वाढलेल्या होत्या. न्यूरोवाल्या मॅडम म्हणाल्या नागिणीत तशा मेंदूला धक्का नसतानाही वाढू शकतात, त्यामुळे गोळीचा विषार की मेंदूची सूज हे छातीठोक सांगता येणार नाही. मग गोळ्या बंद करून किडनीप्रमाणे मोजून सलाइनमधून असायक्लोव्हिर, प्रिगॅबालिन बंद, सोडियम सावकाश वर आणलं. डायलिसिस लागेल की काय असं पहिल्या रात्री बोलत होते पण लघवी मोकळी झाल्यावर क्रिएटिनिन उतरायला लागलं. आता मला माझ्याच नावाने हाक मारतात आणि जेवणात मीठ नाही म्हणून कुरकुर करतात. रात्री अजून थोडं गोंधळतात. डोळ्यात आतून सूज आणि प्रेशर वाढलेलं सापडलं, नाना मात्र डोळा काही दुखत नाही म्हणत होते, ड्रॉप चालू केलेत.

दोन प्रश्न. लस असते म्हणे याची, नाना आणि सासूबाई दोघांनाही देऊ का? आणि जावेचं राहिलंच.

जर्सीकर:
आमच्याकडे अमेरिकेत ५० च्या पुढे सगळ्यांना नागिणीची शिंग्रिक्स ही लस सांगतात, २०१७ मध्ये आली. आम्ही दोघांनी घेतली, दुसऱ्या डोसनंतर एक दिवस ताप आणि दंड असा ठणकला की पोळी लाटता येईना, पण तेवढंच. भारतात २०२३ मध्ये आली ना ती? त्याच वर्षी इथे सिनेटर डायन फाइनस्टाइनचं गाजलं होतं. वय ८९, फेब्रुवारीत नागीण, हॉस्पिटल, मे महिन्यात व्हीलचेअरवर सिनेटला परत आल्या तेव्हा चेहऱ्याची एक बाजू नीट हलत नव्हती. आधी नुसती नागीण एवढंच सांगितलं होतं, मग बातमी फुटली की रामसे हंट आणि मेंदूची सूज दोन्ही झालं होतं. सप्टेंबरमध्ये गेल्या. लोक त्यांनी राजीनामा द्यावा की नाही यावरच भांडत राहिले, त्या आजाराबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

अजून एक. वेल्समध्ये २०१३ ला जुनी लस (झोस्टाव्हॅक्स, आता इथे मिळत नाही) सुरू केली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच द्यायची असं ठरलं, आठवडाभर आधी जन्मलेला मात्र कायमचा बाहेर. सरकारी नियमाने आयताच प्रयोग झाला. त्या दोन्हींकडचे लोक ताडून पाहिले तर लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) साधारण पाचव्या हिश्श्याने कमी निघाला, २०२५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. ते बायकांमध्ये जास्त दिसलं. का ते अजून नक्की झालेलं नाही.

गावठी_फिजिशियन:
वाचून बरं वाटलं ताई. त्या मेडिकलवाल्याच्या गोळीचं वाचून कपाळाला हात लावला. कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्या आजच फाडून टाका.

लस भारतात मिळते, ५० च्या पुढे, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. जिवंत विषाणू नाही त्यात, त्यामुळे शुगर-किडनीवाल्यांना चालते. चाचण्यांमध्ये ५० च्या पुढे ९७ टक्के आणि ७० च्या पुढेही ९० च्या आसपास संरक्षण दिसलं, त्या वयात एवढं देणाऱ्या लशी फार नाहीत. सरकारी कार्यक्रमात फुकट नाही आणि दोन डोसांचा खर्च पाच आकडी जातो, हे मी पेशंटला आधीच सांगतो, कारण एक डोस घेऊन दुसरा टाळणारे खूप. माझं मत विचाराल तर घरात एकालाच परवडणार असेल तर आत्ता सासूबाईंना द्या. नागीण पुन्हा होऊ शकते म्हणून नानांनाही द्यायचीच, पण हा आजार पूर्ण निवळू दे, डोळ्याची सूज शांत होऊ दे, मग डोळ्याच्या आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारून. आत्ता चालू असलेल्या दुखण्यावर लशीचा काही उपयोग नाही, ते औषध नव्हे. नागिणीनंतर तीन महिन्यांच्या पुढे दुखणं टिकलं तर ते वर कडूकारलंताईंच्या आईंसारखं नसेचं दुखणं, त्याला वेगळी औषधं, नानांच्या किडनीला सोसतील तेवढीच, आणि पट्ट्या त्यातल्या त्यात बऱ्या.

जावेचं. नागीण नागीण म्हणून लागत नाही. पण फोडातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत आणि लसही नाही अशा माणसाला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात त्या वाईट. सगळ्या खपल्या कोरड्या होईपर्यंत फोड झाकलेले, टॉवेल-उशी वेगळी, आणि ड्रेसिंग तिने करायचं नाही. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का हे आधी विचारा. झाल्या असतील तर काळजी नाही. आठवत नसेल तर तिच्या डॉक्टरला आजच सांगा, रक्तात अँटीबॉडी बघता येतात, आणि नसतील तर इंजेक्शन देता येतं पण ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, म्हणून यातही उशीर नको.

मधलीसुट्टी:
जावेला विचारलं, ती म्हणते आठवत नाही. तिच्या आईला फोन केला तर त्या म्हणतात देवी आल्या होत्या की कांजिण्या की गोवर ते आता सांगता येणार नाही, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं मात्र आठवतंय. म्हणून सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावून रक्त दिलंय, उद्या रिपोर्ट. तोवर ती माडीवरच्या खोलीत, आणि खालचं ड्रेसिंग मी बघतेय, मला झाल्या होत्या कांजिण्या, कपाळावर खड्डा आहे अजून.